शनिवारची मूठ

शनिवार, ४ नोव्हेंबर १९९५

ही डायरी दोऱ्याच्या एजंटानं अप्पांना जानेवारीत दिली. अप्पांनी पहिल्या पानावर कुणाच्या तरी झब्ब्याचं माप लिहिलं आणि विसरले. बाकीचं वर्ष कोरंच. आजपासून माझं. माझी शाळा कन्नडात झाली, मराठी लिहायची सवय नाही, पण घरी बोलतो तसंच लिहायचं म्हटलं तर अवघड काय आहे? लपवायची जागा हुकांच्या डब्याखाली. कारण पीयूसीला, म्हणजे बारावीला, मी तिसऱ्यांदा बसणार नाहीये आणि हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आता शिक्षेचं.

सोमवारी मी मल्हाररावांच्या भांड्यांच्या दुकानावर कागद चिकटवला. 'आज बारा वाजता इथे जेवण फुकट.' कन्नडात, मोठ्या अक्षरात, खाली फुलं काढून. मल्हारराव गिऱ्हाईक घामानं भिजलं तरी पंखा लावत नाहीत, म्हणून. साडेअकराला चाळीस माणसं रांगेत. एक ऑटोवाला तर आपलं ताट घेऊन आला. मल्हाररावांनी आतून शटर ओढलं आणि फटीतून जेवण नाही, नाही असं कन्नडात ओरडत राहिले, "ऊटा इल्ला! इल्ला!" लोक म्हणाले, शिजायला वेळ लागत असेल, थांबू या.

पकडली गेले ती कागदामुळे. अप्पांचा कटिंगचा ब्राऊन कागद. मागं अप्पांच्या अक्षरात लिहिलेलं, 'डावी बाही'. एवढं डोकं चाललं असतं तर पीयूसीच नसते का झाले.

मग वासुदेवमामा आले. मामा म्हणजे काही सख्खे नाहीत, सगळ्या गल्लीचे मामा. रिटायर झाल्यापासून 'मूठ' चालवतात. अप्पांना म्हणाले, "तुमच्या वाणीला लोकांना जेवू घालायची हौस आहे ना? तीन महिने शनिवारी माझ्याकडे पाठव."

मूठ म्हणजे काय, तर सकाळी भाताला तांदूळ काढताना आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी तो डबा मुठीच्या पोत्यात रिकामा करायचा. मराठी घरं टाकतात, शेजारची कन्नड घरंही टाकतात. आमच्या जयनगरच्या गल्लीत बत्तीस घरं. तांदूळ जातो समाजाच्या हॉलमागच्या खोलीत. तिथं तुंगाक्का रांधतात आणि ते जेवण मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात जातं. पेशंटला खाट मिळते, बरोबर आलेल्यांना झाडाखालची जागा. त्यांच्यासाठी.

आज बत्तीस दारं, बत्तीस वेळा "अय्यो, तू? तूच ना ती जेवणवाली?"

समोरच्या सकवारमावशींनी काय दिलं? कणी! तुकडा तांदूळ! घरात कलर टीव्ही, मुलगा शरद, म्हणजे आमचा शरूअण्णा, बोम्मसंद्राच्या फॅक्टरीत इंजिनियर, आणि गरिबाला कणी. आम्ही कबुतरांना टाकतो ती.

रविवार, ५ नोव्हेंबर

खांदा दुखतोय. तुंगाक्का म्हणाल्या, "पोतं ओढत आणलंस ना? खालून फाटलंय." त्यांना डोळे किती आहेत कोण जाणे.

शनिवार, ११ नोव्हेंबर

आज मी एक भारी काम केलं.

सकवारमावशींकडे गेले तर पुढचं दार बंद. मागनं गेले. मावशी देवघरात, घंटी वाजत होती. सून अंजलीवहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती नागपूरची, मे महिन्यात लग्न होऊन आली. 'जाऊन राहिली', 'खाऊन राहिली' असं बोलते. मला आवडते, पण मावशींपुढे मांजरासारखी चालते.

स्वयंपाकघरात कुणी नाही. मुठीचा डबा खिडकीत. उघडला. परत कणी!

वरच्या फळीवर एक पितळी डबा होता. स्टुलावर चढून झाकण काढलं. आत सोना मसुरी, बारीक, जुना, नुसता वास घ्यावा असा. मग मी काय केलं? तो तांदूळ सगळा पोत्यात ओतला, कणी त्या पितळी डब्यात घातली, झाकण लावलं, डबा होता तिथं ठेवला. ओतताना तळाशी काहीतरी अडकलं होतं. डबा आपटला तशी धप्पकन पडलं. तांदळाचा गोळा झाला असणार. एवढं जपून ठेवलं की गोळाच होणार.

आता पाहुणे येतील, मावशी ऐटीत डबा काढतील आणि कणी! त्यांचं तोंड बघायला मी तिथं हवी होते.

रविवार, १२ नोव्हेंबर

तुंगाक्कांनी पोतं चाळून बघितलं. "या वेळी कणी नाही?"

मी म्हटलं, "सकवारमावशींना उदार व्हायचा झटका आला."

"मग पेज कशाची करू?"

चांगला तांदूळ आला तरी कुरकुर. कुणाला कुरकुरायला काही ना काही लागतंच.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

तुंगाक्कांनी मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं. मला वाटलं पोत्याला ठिगळ लावायला. पण त्या निवडायच्या सुपासमोर बसून भलतंच विचारायला लागल्या. "तो बारीक तांदूळ कुणाकडचा?"

सांगितलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मी म्हटलं, "मल्हाररावांकडचा असेल."

"असेल की आहे?"

"आहे."

"तुमच्या गल्लीत कुणाचं लग्नबिग्न ठरलंय? कुणाच्या घरी भांडण?"

"भांडण तर रोजच. कुणाचं हवंय?"

त्या हसल्या नाहीत. मग "सरी, जा" म्हणाल्या, म्हणजे बरं, जा. कोठीच्या खोलीला आता नवीन कुलूप लावलंय, किल्ली कमरेला. उंदरांना एवढ्या घाबरतात!

शनिवार, १८ नोव्हेंबर

सकवारमावशींनी आज डबा दाराबाहेरच ठेवला होता. कणीच. मावशी दारात उभ्या, तोंड असं की दूध नासावं. मी मुद्दाम रेंगाळले. आता बोलतील, आता शिव्या घालतील. काहीच नाही. "घे आणि जा."

म्हणजे पितळी डबा उघडलाच नाही वाटतं. माझी एवढी चांगली खोडी वाया.

आत अंजलीवहिनी दिसली. डोळे सुजलेले. कांदा चिरत असेल.

सोमवार, २० नोव्हेंबर

मल्हारराव पॅंट आखूड करायला आले. (मला बघून पिशवी छातीशी धरली, जशी काय मी पॅंट पळवणार.) अप्पांना सांगत होते, "ती तुंगाबाई आली होती. विचारते, तुमच्या घरातलं काही हरवलंय का? मी म्हटलं, तीन छत्र्या हरवल्यात, मिळाल्या असल्या तर द्या. तर रागानं निघून गेली. म्हातारपणी माणसाचं असं होतं बघा."

मी पोट धरून हसले. तीन छत्र्या!

बुधवार, २२ नोव्हेंबर

आज हसू येत नाहीये.

अंजलीवहिनी ब्लाउजचे हूक लावून घ्यायला दुकानात आली. अप्पा कापडवाल्या मोमिन काकांकडे अस्तर आणायला गेले होते. मी सहज म्हटलं, "काय वहिनी, कांदे फार चिरता वाटतं." तर ती स्टुलावर बसून रडायलाच लागली.

"कांदे कुठले वाणी. आई माझी बॅग पाहून राहिल्या. रोज. मी अंघोळीला गेली की पाहतात. स्वयंपाकघराला कुलूप लावून राहिल्या. मी काय चोर आहे का गं?"

"काय चोरलंय म्हणतात?"

"तेच तर सांगत नाही. नुसतं म्हणतात, तांदळाच्या डब्यात होतं ते कुठाय? वरच्या पितळी डब्यात. वरून कणी भरून ठेवलीस, मला काही समजत नाही वाटलं का? मला ना डबा माहीत, ना कणी. शरद ऐकतो, त्यांचंही ऐकतो, माझंही ऐकतो, आणि जेवून झोपतो. मी दादाला फोन केला. रविवारी येऊन राहिला. त्याच्यासोबत जाते मी. परत नाही येत."

धप्प.

तो आवाज मला दुकानात बसल्या बसल्या ऐकू आला. तांदळाचा गोळा असा पडत नाही. तांदळाचा गोळा फुटतो. हे धप्प करून अख्खं पडलं होतं.

बायका तांदळात काय ठेवतात ते काय मला माहीत नाही? आईचं मंगळसूत्र गावाला जाताना कुठं असतं? तुरीच्या डब्यात.

हूक लावताना मी तीन उलटे लावले.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर काल पहिल्यांदा मनात आलं की गप्प बसावं. कुणी बघितलेलं नाही. अंजलीवहिनी नागपूरला जाईल, तिचं लग्न काय मी ठरवलं होतं? दहा मिनिटं मी असा विचार केला. दहा मिनिटं, कमी नाही. मग मला माझीच घाण वाटली.

दुसरा विचार जास्त वाईट. ते सापडलं नाही तर? बारा दिवस झाले. तो तांदूळ शिजला, हॉस्पिटलमध्ये गेला, लोकांनी खाल्ला. आणि मी सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? जिनं जेवण फुकटचा कागद लावला तिनं सोनं लाटलं नसेल कशावरून? मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

सकाळी तुंगाक्कांकडे गेले. कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, "माझी एक मैत्रीण आहे, तिच्या हातनं चुकून मुठीच्या तांदळात कुणाचं तरी काहीतरी आलं."

"काय आलं?"

"तिला माहीत नाही."

"कुणाचं?"

मी कोथिंबिरीची एक काडी मोडली.

"मल्हाररावांचं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. सकवारमावशींचं. बारीक तांदूळ त्यांचा. त्या गरिबांना कणी घालतात म्हणून त्या... म्हणून मी अदलाबदल केली."

तुंगाक्कांनी कोथिंबीर खाली ठेवली. "कणी तिला मी मागितली."

"काय?"

"तापातून उठलेल्याला, ऑपरेशन झालेल्याला काय देणार? तुझी बारीक सोना मसुरी? पेज लागते. पेजेला कणी लागते. इथल्या दुकानात मिळते ती खड्यांची. सकवार दर महिन्याला यशवंतपूरच्या मार्केटला बसनं जाते, निवडक कणी आणते. गुडघे दुखतात तिचे. बत्तीस घरांत तीच एक आहे जी मागितलेलं देते. त्या आठवड्यात तू आणली नाहीस तर मी वासुदेवरावांना पळवलं कणीसाठी."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

"ते सापडलं का, अक्का?" मी विचारलं.

त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. "ज्याचं आहे त्याला घेऊन ये. दुसऱ्या कुणाशी मी बोलणार नाही."

दुपारभर काजं केली. एकही सरळ आलं नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

अप्पांना सांगितलं. ते मशीनवर होते, त्यांनी पाय थांबवला. मला वाटलं आता एक ठेवून देणार. त्यांनी कात्री बाजूला ठेवली, गळ्यातली टेप काढली, चपला घातल्या.

"मी येतो. बोलायचं तू."

सकवारमावशींनी दार उघडलं. मागं अंजलीवहिनी, पलंगावर तिची सुटकेस उघडी. मी उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं, एका दमात. मधे थांबले असते तर पळाले असते. स्टूल, पितळी डबा, कणी, धप्प, सगळं.

मावशी खालीच बसल्या. "तू?"

"हो."

"तू घातलीस कणी?"

"हो मावशी."

त्यांनी मागं वळून सुनेकडे बघितलं. अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे. मला वाटत होतं, मारा, शिव्या द्या, काहीतरी करा. मावशी एवढंच म्हणाल्या, "माझी चप्पल कुठाय?"

ऑटोवाला चार माणसं घ्यायला तयार होईना. अप्पा म्हणाले मी चालत येतो. मग आम्ही तिघी, मी मधे. दोघी दोन्हीकडून बाहेर बघत. गल्ली ते हॉल ऑटोनं पाच मिनिटांचा रस्ता, मला म्हैसूरला गेल्यासारखं वाटलं.

तुंगाक्कांनी मावशींना पाट दिला. "काय हरवलंय?"

"पाटल्या. दोन."

"कशात बांधल्यात?"

"निळ्या खणाच्या तुकड्यात. माझ्या लग्नातल्या चोळीचा."

"गाठी किती?"

"तीन. तिसरी हातानं सुटत नाही. दात लावावे लागतात."

तुंगाक्कांनी कमरेची किल्ली काढली, कोठी उघडली आणि पोह्यांच्या डब्यातनं निळं गाठोडं आणून मावशींच्या हातात ठेवलं. तिन्ही गाठी होत्या तशा.

"उघडली नाहीस?" मावशींनी विचारलं.

"मी कशाला उघडू? हाताला जड लागलं, तेवढं पुरे. निवडताना दुसऱ्याच दिवशी सापडलं. गवगवा केला असता तर बत्तीस घरं आली असती माझं माझं करत. म्हटलं, ज्याचं आहे तो विचारत येईल." मग माझ्याकडे बघून, "मी विचारलं होतं कुणाकडचा तांदूळ म्हणून. हिनं मला मल्हाररावांच्या छत्र्या ऐकायला पाठवलं."

मी तिथंच पोत्यावर बसले आणि खूप मोठ्यानं रडले. सापडल्यावर रडायचं काय कारण, पण थांबेचना. तुंगाक्का म्हणाल्या, "पोतं भिजतंय. बुरशी येईल."

मावशींनी दातांनी तिसरी गाठ सोडली. पाटल्या बघितल्या. मग अंजलीवहिनीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "संक्रांतीला तुझ्याच हातात घालायच्या होत्या. पहिली संक्रांत. म्हणून लॉकरमधून काढून आणून ठेवल्या. कर हात पुढं."

अंजलीवहिनीनं हात पदराखाली घेतले.

"नको," म्हणाली. "पाटल्या नको मला. आधी तुम्ही शरदला सांगा, की अंजलीनं काही घेतलं नाही. तुम्ही माझी बॅग पाहत होत्या, तेही सांगा. माझ्यासमोर."

मावशींना असं कुणी कधी बोललं नसणार. मी रडायची थांबले, बघायला.

"सांगते," मावशी म्हणाल्या. "आज जेवायच्या आधी सांगते. तू वाढायचं नाहीस तोवर."

येताना ऑटोत परत मी मधे. पण मावशी वहिनीला म्हणाल्या, "वारा लागतोय, पदर घे." आणि तिनं घेतला.

घरी अप्पा म्हणाले, "जेव." एवढंच. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. दोन दिवस जेवलेच नव्हते हे तेव्हा समजलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

दादा आला. नागपूरहून एवढा लांबचा प्रवास करून, मिशीला पीळ देत, भांडायच्या तयारीनं. काल दुपारी वहिनीनं परत फोन केला होता, पण तो गाडीत बसलेला. समोरच्या ओट्यावरून मी सगळं बघितलं. आधी आतनं त्याचा आवाज. मग मावशींचा. मग शरूअण्णाचा, तो पण मोठा (मला वाटायचं त्याला आवाजच नाही). मग भांड्यांचे आवाज. जेवायला बसले!

संध्याकाळी दादा म्हैसूरपाकाचे दोन डबे घेऊन एकटाच गेला. जाताना माझ्याकडे बोट दाखवून वहिनीला काहीतरी विचारलं. वहिनी हो म्हणाली. तो माझ्याकडे असा बघत गेला की मी आत पळाले.

वासुदेवमामांना सगळं समजलंय. शिक्षा तीन महिन्यांची सहा महिने. मी म्हटलं, "सरी." मामांना वाटलं ऐकू आलं नाही, त्यांनी परत सांगितलं. मी परत म्हटलं, "सरी."

आईला पीयूसीचंही सांगून टाकलं. एका आठवड्यात एवढं खरं बोललेच आहे, तर तेही. ती म्हणाली, "मला माहीत आहे. हुकांचा डबा मी रोज उचलते."

म्हणजे हे ती वाचते. आई, वाचत असलीस तर वाचू नकोस.

शनिवार, २ डिसेंबर

एकतीस घरं झाली तरी मी सकवारमावशींकडे गेले नाही. शेवटी गेले. डबा बाहेर ठेवलेला असेल, उचलायचा आणि निघायचं.

डबा बाहेर नव्हता. दार उघडं. आतनं मावशींचा आवाज, "कोण ते?"

"मी. मूठ."

"आत ये."

"नको मावशी, मी इथंच..."

"आत ये म्हटलं ना. पण हात मागं बांधून."

मी हात मागं बांधले आणि आत गेले. स्वयंपाकघराला कुलूप नव्हतं. मावशी खुर्चीत, गुडघ्याला तेल लावलेलं. अंजलीवहिनी ओट्याशी. कणीचा डबा भरून ठेवलेला, पेजेला पुरेल असा, नेहमीपेक्षा मोठा.

"आता उचलू कसा?" मी विचारलं.

"ते तू बघ. हुशार आहेस."

"मावशी, हात सोडू?"

"माझ्या घरात नाही."

वहिनीच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला, गोल गुंडाळला, चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर तो डबा. "मान सरळ ठेव. हालून राहिली तू."

तशी निघाले. हात मागं, डोक्यावर डबा, एक एक पाऊल टाकत, उंबरा पायानं चाचपत. गल्लीतली पोरं मागं लागली. मल्हारराव दुकानातून ओरडले, "काय गं वाणी, आता हे काय नवीन?"

जीभ नुसती वळवळत होती. पण बोलले असते तर डबा गेला असता. गप्प चालत राहिले, नाकासमोर बघत.

मागं मावशींच्या दारातून हसायचा आवाज येत होता. आधी एकीचा. मग दोघींचा.